सदोष

"मथुबाय, खुरपं ठेव आणि जरा इकडे ये," सिस्टर अर्सुलांनी हाक मारली. "आमच्या फादरांना तुला काहीतरी विचारायचंय."

मला काहीही विचारायचं नव्हतं. मी कॉन्व्हेंटच्या मागच्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होतो, कारण सिस्टरांकडे कामाला आलेल्या माणसाला आधी शेंगा सोलाव्या लागत. त्यांच्या स्वतःच्या एका बाजूला सूप होतं, दुसऱ्या बाजूला ग्रीक शब्दकोश, आणि मध्ये आमच्या प्रार्थनापुस्तकाचा मसुदा उडू नये म्हणून त्यावर पाटा ठेवलेला.

मथुबाय केळीच्या आळ्यातून उठून आली. ती कॉन्व्हेंटच्या बागेत मजुरीला यायची, तिशीतली असेल. ख्रिस्ती नव्हती. हात लुगड्याला पुसत ती ओट्याखाली उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"समज, घरात मयत झालीय," सिस्टर म्हणाल्या. "फादर आले आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, 'देव आम्हांबरोबर आहे.' काय समजलीस?"

मथुबायने फार विचार केला नाही. "त्यांच्याबरोबर हाय म्हंतात. आसंल की. फादरच हायेत ते."

मला हसू आलं. सिस्टर हसल्या नाहीत.

"बरं, आता ते म्हणाले, 'देव आपल्याबरोबर आहे.' मग?"

मथुबायने माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. जरा थांबून म्हणाली, "म्हंजे माझ्यासंगं पण?"

"जा, कर तुझं काम," सिस्टर म्हणाल्या, आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस, इनास? बेल्जियममध्ये चार वर्षं घालून मी जो प्रबंध लिहिला ना, तो एवढाच आहे."

या गोष्टीला एकेचाळीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, धर्मगुरू होऊन दोनच वर्षं झालेली. सिस्टर अर्सुला रुमाव मला सेमिनरीत ईशज्ञान शिकवायच्या. म्हणजे देवाविषयीचं शास्त्र. आमच्या वसईत बाईमाणसाने हे शास्त्र शिकून येऊन होऊ घातलेल्या पाद्रींना शिकवावं, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांची आई डोक्यावर पानवेलीच्या पाट्या वाहायची आणि मुलगी हिब्रू वाचायची, याचं लोकांना कौतुक होतं, पण ते दुरून. सिस्टर मात्र पुस्तकातली प्रत्येक ओळ आधी न शिकलेल्या माणसाला ऐकवायच्या. त्याला काय समजलं ते वहीत लिहायच्या आणि मगच आपलं मत मांडायच्या. "देव पंडितांच्या कानाने ऐकू नका, पंडित आधीच बहिरे झालेले असतात," असं वर्गात म्हणून आम्हांला हसवायच्या.

माझ्यावर त्यांचा जीव होता. मी हुशार होतो, अक्षर मोत्यासारखं होतं, फक्त शुद्धलेखनात एक जुनी खोड होती. 'श' आणि 'ष' यांत माझा कायमचा गोंधळ. माझ्या निबंधांत त्या लाल शाईने 'श' खोडून 'ष' लिहायच्या आणि समासात लिहायच्या, 'पोटफोड्या, इनास, पोटफोड्या!' सगळा वर्ग मला काही दिवस पोटफोड्याच म्हणत होता.

तर त्या वर्षी अंत्यविधीचं नवं मराठी प्रार्थनापुस्तक तयार करायला एक समिती नेमली होती. मोन्सिनियर कजितान फरोज अध्यक्ष, बिशपांच्या खालोखाल त्यांचा शब्द. दुसरे बस्त्याव मास्तर, हायस्कूलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. तिसरा मी, चिटणीस. आम्हां तिघांना मत होतं. सिस्टर अर्सुला 'सल्लागार' होत्या. म्हणजे मसुदा त्यांनी करायचा, रात्रंदिवस खपायचं, आणि मतदानाच्या वेळी गप्प बसायचं. त्याला त्यांची ना नव्हती.

नव्वद पानांच्या मसुद्यात वाद उरला तो एका शब्दाचा. थडग्यापाशी धर्मगुरू शोकात बुडालेल्या घरच्यांना सांगतो, 'भिऊ नका, देव आम्हांबरोबर आहे.' जुन्या पुस्तकात असंच होतं. सिस्टरांनी 'आम्हांबरोबर' काढून 'आपल्याबरोबर' घातलं होतं.

"देवाशी बोलताना 'आम्ही' ठीक आहे," त्या मला समजावून सांगत होत्या. "तिथे आपण सगळे एका बाजूला आणि तो समोर. पण इथे समोर विधवा उभी आहे. तिच्या तोंडावर 'देव आमच्याबरोबर आहे' म्हटलं, की ती त्यात नाही. बऱ्याच भाषांना हे सांगताच येत नाही रे, ग्रीकलासुद्धा. मराठीला येतं. आणि आपण देवाचं दार तिच्या तोंडावर लावतो."

"मोन्सिनियर ऐकतील?" मी विचारलं.

"त्यांचं मत मला माहीत आहे. मास्तरांचंही माहीत आहे, ते व्याकरणाचे भोक्ते, माझ्या बाजूने आहेत. उरलास तू." सुपातले दाणे पाखडत त्या म्हणाल्या, "तुझी मला काळजी नाही."

आणि मी म्हणालो, "नसूच दे, सिस्टर."

बैठक दुसऱ्या दिवशी होती, समुद्राकाठच्या साधनागृहात. मी सकाळी लवकर पोहोचलो तर मोन्सिनियर सुरूच्या झाडांखाली फेऱ्या मारत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. हा हात सहसा कुणाच्या खांद्यावर पडत नसे.

"रोमला पाठवायच्या मुलांची यादी मागितलीय बिशपांनी," ते म्हणाले. "एकच जागा आहे. मी तुझं नाव घालीन म्हणतो."

मी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवलं.

"फक्त एक गोष्ट आहे." ते चालता चालता थांबले. "सिस्टर बाई विद्वान आहेत, प्रश्नच नाही. पण आज एक शब्द बदलला, की उद्या दुसरा. सेमिनरीत त्या मुलांना सांगतात, चर्च म्हणजे पाद्री नव्हेत, चर्च म्हणजे 'आपण'. हे ऐकून मुलं उलट उत्तरं द्यायला लागलीत. त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, ते जूनच्या आत ठरवायचंय मला. समितीनेच म्हटलं की त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, तर माझं काम सोपं होईल. कळतंय ना?"

मला कळत होतं. सगळं कळत होतं, हीच तर माझी अडचण आहे. मला कुणी फसवलं असतं, अंधारात ठेवलं असतं, तर आज मी हे सांगताना मान वर करू शकलो असतो.

बैठक सुरू झाली. सिस्टरांनी आपलं म्हणणं मांडलं. मथुबायचं उत्तरही वाचून दाखवलं, वहीतून, तारखेसकट. मोन्सिनियर हसले. "आता ईशज्ञान मजूरबायकांना विचारून ठरवायचं का?"

"थडग्यापाशी त्याच उभ्या असतात, मोन्सिनियर," सिस्टर म्हणाल्या.

बस्त्याव मास्तर खुर्चीत सरसावून बसले. "व्याकरणाच्या दृष्टीने सिस्टर शंभर टक्के बरोबर आहेत. मी चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलो. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'त असतो. माझं मत 'आपल्याबरोबर'ला."

"आणि लोकांना 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' वाटलं तर? शिवाय शंभर वर्षं कानांवर पडलेलं वाक्य आहे. त्याला एक भारदस्तपणा आहे. माझं मत जुन्याला." मोन्सिनियर माझ्याकडे वळले. "फादर इनास?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कागद गोळा करायला लागल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं.

मी म्हणालो, "सिस्टरांचा अभ्यास मोठा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण थडग्यापाशी उभं राहून बोलायचं ते आम्हां धर्मगुरूंना. लोकांचं मन आम्हांला माहीत असतं. आम्हांला जुनंच योग्य वाटतं."

कागद गोळा करणारे हात थांबले. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोराकडे ते असेच बघत असावेत.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "व्याकरण अगदी बरोबर आहे, फादर. ऐकणारा त्यात नाही."

त्या मला एकांतात नेहमी 'इनास' म्हणत आणि चारचौघांतसुद्धा त्यांच्या 'फादर'मध्ये थोडी गंमत असायची. त्या दिवशी गंमत नव्हती. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मी काय बोललो ते मला कळलंच नव्हतं. एका दमात तीनदा 'आम्ही' म्हणून मी त्यांना खोलीबाहेर काढलं होतं, आणि त्या समोरच बसल्या होत्या.

जेवणानंतर मोन्सिनियरांनी इतिवृत्ताचा मजकूर सांगितला. मी तो माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेतला. 'सल्लागारांच्या सूचनेचा भाषिक व धार्मिक पाया सदोश असल्याचे समितीचे मत पडले.'

"मोन्सिनियर, भाषिक पाया तर मास्तरांनी..." मी कसंबसं म्हणालो.

"लिही तू."

मी लिहिलं. या एका वाक्यावर सेमिनरीतली सिस्टरांची नोकरी गेली.

रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी इतिवृत्त वाचून सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. मोन्सिनियरांनी केली. मास्तरांनी करायला नकार दिला, टोपी उचलली आणि चालते झाले. पुन्हा कधी माझ्याशी बोलले नाहीत. वही सिस्टरांपुढे आली. त्यांनी शांतपणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता काही बोलतील. निदान वही दूर सारतील. मनातून मला तेच हवं होतं. त्या रागावल्या असत्या, तर मलाही थोडं रागावता आलं असतं.

त्यांनी माझ्या हातातलं पेन मागितलं. 'सदोश'मधला 'श' एका रेघेने खोडला, वर स्वच्छ 'ष' काढला, आणि खाली सही केली. 'उपस्थित: अर्सुला रुमाव.' पेनाला टोपण लावून माझ्यापुढे ठेवलं आणि त्या उठून गेल्या.

मी रोमला गेलो. तिथे पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, तुम्ही वसईचे, मग तुम्हांला सिस्टर रुमाव ठाऊक असतील? त्यांचे लेख इथे आम्ही मुलांना वाचायला देतो. मी म्हणालो, हो, त्या माझ्या शिक्षिका. "भाग्यवान आहात," ते म्हणाले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार!

परत आलो तेव्हा सिस्टर पालघरच्या बाजूला एका लहानशा गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये होत्या. दुपारच्या वेळी चिंचेखाली बायकांना अक्षरओळख शिकवत होत्या आणि उरलेल्या वेळात लिहीत होत्या. त्यांचं इथलं लिखाण परदेशात छापून येत होतं आणि इथे त्याला कुणी विचारत नव्हतं. मथुबाय त्यांच्या मागोमाग तिकडेच गेली होती, कारण तिचं माहेर तिथलंच.

मी भेटायला गेलो. मनात वाक्य पक्कं करून गेलो होतो: सिस्टर, माझं चुकलं. बसने दोन तास तेच घोकत होतो. सिस्टरांनी हसून स्वागत केलं, चहा दिला, रोमची चौकशी केली.

"उन्हाळा फार असतो का तिकडे, फादर? तुम्हांला सोसला?"

'तुम्हांला.' सहा वर्षं ज्या बाईने मला 'अरे इनास' म्हणून कान पिळला होता, ती मला 'तुम्ही' म्हणत होती. कसलाही टोमणा नव्हता त्यात. शेजारगावच्या पाद्रीला म्हणावं तसं साधं, सभ्य 'तुम्ही'. माझं वाक्य घशातच राहिलं. मी रोमच्या उन्हाळ्याबद्दल बोललो, चहा प्यालो आणि निघालो. त्यानंतर दर नाताळाला मी कार्ड पाठवायचो. त्यांचंही यायचं. 'आदरणीय फादर.' प्रत्येक वेळी ठरवायचो, पुढच्या वेळी जाईन आणि सांगेन. एकेचाळीस वर्षांत अशा पुष्कळ पुढच्या वेळा आल्या आणि गेल्या. दरम्यान मोन्सिनियर फरोज वारले, मास्तरही वारले. आता लोक मला मोन्सिनियर म्हणतात.

गेल्या फेब्रुवारीत निरोप आला, सिस्टर अर्सुला गेल्या. सत्त्याऐंशीव्या वर्षी, दुपारी वर्ग घेऊन आल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या संस्थेच्या वरिष्ठ सिस्टरांनी फोनवर म्हटलं, "तुम्ही त्यांचे लाडके विद्यार्थी. अंत्यविधी तुम्हीच करावा असं सगळ्यांना वाटतं."

मी हो म्हणालो. आणि मनाशी ठरवलं, की निदान त्यांच्या थडग्यापाशी तरी तो शब्द मी त्यांचा म्हणीन. आता कुणाची भीती होती? अडवणारे सगळे माझ्या आधी मातीत गेले होते. आता मोठा मीच होतो. गाडीत बसल्या बसल्या मी ते वाक्य पुटपुटत होतो, 'देव आपल्याबरोबर आहे, देव आपल्याबरोबर आहे.' ड्रायव्हरला वाटलं असेल, मोन्सिनियरांचा जप चाललाय.

दफनभूमी लहान होती. पुढे सिस्टर्स, पाच-सहा पाद्री. मागे कुंपणाला लागून गावच्या बायका, साठ-सत्तर तरी असतील. कित्येक जणी ख्रिस्ती नव्हत्या. पेटी खाली सोडली. मी पुस्तक उघडलं. तेच पुस्तक, पहिल्या पानावर चिटणीस म्हणून माझं नाव छापलेलं. ती ओळ आली. मी मान वर केली, त्या बायकांकडे पाहिलं, आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणालो,

"भिऊ नका, देव आम्हांबरोबर आहे."

जीभ चाळीस वर्षांच्या चाकोरीतून गेली. कुणी बळजबरी केली नव्हती, कुणी रोमचं आमिष दाखवलं नव्हतं. वाक्य संपल्यावर माझ्या कानांनी ते ऐकलं. थांबून दुरुस्त करता आलं असतं. पण पुढे पाद्री उभे होते, मोन्सिनियर थडग्यापाशी अडखळले असं दिसलं असतं. मी पान उलटलं आणि पुढचं वाचलं.

माती लोटून झाली. लोक पांगले. मी झगा काढून घडी करत होतो, तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. केस पांढरे झाले होते, पण उभं राहायची ढब तीच होती, ओट्याखालची.

"वळखलंत का, फादर? मी मथु."

"ओळखलं, मथुबाय."

"एक विचारू?"

"विचार की."

"सिस्टर आम्हांला शिकवायच्या तवा सांगायच्या, देव आपल्याबरोबर हाय. म्हंजे माझ्यासंगं पण. माझा नवरा गेला, पोरगी गेली, तवा पण त्यांनी तसंच म्हटलं. तुम्ही आता आमच्याबरोबर म्हटलंत." तिच्या बोलण्यात जरासुद्धा दोष देणं नव्हतं. खरोखरच काळजीने विचारत होती ती. "मोठे फादर तुम्ही. ते आता बदललंय का?"

मला वाटलं, ही जमीन मलाही पोटात घेईल तर बरं.

"नाही, मथुबाय," मी म्हणालो. "बदललेलं नाही. माझं चुकलं."

एकेचाळीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य असं बाहेर पडलं. ज्यांना सांगायचं होतं, त्यांच्यावर माती पडून दहा मिनिटं झाली होती.

मथुबायला हायसं वाटलेलं दिसलं. "चुकलं होय? मग परत म्हणा की. त्या काय लांब नाय गेल्या."

ती माझ्याबरोबर थडग्यापाशी आली. मी पुस्तक उघडलं नाही. "देव..." एवढंच म्हणालो आणि आवाजच फुटेना. मी लहान पोरासारखा रडायला लागलो. मथुबायने थोडा वेळ वाट पाहिली. मग काठी दुसऱ्या हातात घेतली, माझा हात धरला आणि तिनेच ते वाक्य पुरं केलं.